सहा जणांत पहिला शंभू

उत्तरेश्वर वाशिमकडून पुण्यात आला, शिवणे भागातल्या एका कारखान्यात चिकटला आणि तिथेच सुपरवायझर झाला. गाड्यांचे सुटे भाग बनत तिथे. वारज्यात दोन खोल्या झाल्या, तसं त्याने बायकोच्या, शालनच्या, धाकट्या भावाला गावाहून आणून आपल्याच हाताखाली प्रेस मशीनवर लावलं. शंभू राहायचाही त्यांच्याकडेच.

मग मंदी आली. शोरूममध्ये गाड्या पडून, कारखाना निम्मा आठवडा बंद. मालक बद्रीनाथशेठांनी उत्तरेश्वरला केबिनमध्ये बोलावलं.

"सहा माणसं कमी करायचीत. कोणती, ते तुम्ही सांगा."

"हे माझ्याकडून व्हायचं नाही, शेठ."

"राहिलं. मग मी वयाने काढतो. म्हातारे आधी."

म्हातारे म्हणजे उपवर पोरींचे बाप. त्यांना दुसऱ्या कारखान्याच्या दारात तरी कोण उभं करणार? उत्तरेश्वरने बिनलग्नाची पोरं सांगितली आणि त्यांत शंभूला सगळ्यांत आधी. मेव्हण्याला वाचवलं असतं, तर बाकीच्यांना तोंड कसं दाखवलं असतं?

चहाच्या सुट्टीत त्याने शंभूला बाजूला घेऊन स्वतःच सांगितलं. शंभू हात पुसत राहिला.

"परक्याने सांगितलं असतं तर बरं झालं असतं, भाऊजी."

त्याच संध्याकाळी पिशवी भरून तो गावी निघाला. शालनने अडवलं नाही. तिने नवऱ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं.

दिवाळी झाली आणि शेठांनी म्हाताऱ्यांनाही घरी बसवलं. उत्तरेश्वरला कुणी विचारलंसुद्धा नाही.

पुढे करोनाची टाळेबंदी आली नि सरली, गाड्यांची मागणी वाढली. तो आशेने केबिनमध्ये गेला.

"शेठ, शंभूला बोलावून घेऊ?"

"कायम माणूस आता नकोच. शिकाऊ पोरं मिळतात की. मुदत संपली, की दुसरी."

पुढच्या वैशाखात शंभूचं लग्न झालं. शालन एकटीच गेली. परतली, तेव्हा उत्तरेश्वर दारातच उभा होता.

"माझं कुणी विचारलं?"

"आईने."

"आणि शंभूने?"

"नाही. मीही विषय काढला नाही." तिने बॅग आत नेली. "जेवलात?"

तो जेवला नव्हता, तरी हो म्हणाला आणि दुपारच्या पाळीला गेला. नवी पोरं आली होती. प्रेस खाली येताना हात कुठे ठेवायचा नाही, ते त्याने त्यांना पहिल्यापासून दाखवलं.