वकीलअप्पांचे कट्टे

"ऊट आतेन्री?"

सकाळ असो की दिवेलागण, वकीलअप्पा भेटेल त्याला हेच विचारत. जेवण झालं का? भल्या पहाटे दात घासत उभ्या असलेल्या माणसालाही त्यांनी हे विचारलेलं मी ऐकलं आहे. तो बिचारा तोंडातली राखुंडी सावरत मान हलवी, तोवर अप्पा त्याच्या दारच्या कट्ट्यावर बसलेले असत.

पण याचा अर्थ मला पुढे कळला. साताऱ्याहून लग्न होऊन धारवाडात आले तेव्हा मला कानडीचं अक्षर येत नव्हतं. सासरच्या दाराला लागून, रस्त्यावर जरा पुढे आलेला दगडी कट्टा होता. आमच्या साताऱ्याकडे त्याला ओटा म्हणतात. संध्याकाळी तिथे परात घेऊन भाजी निवडत बसायचं, हे माझ्या आवडीचं काम. आल्यापासून चार दिवसही झाले नसतील. काळा कोट, डोक्याला रुमाल, हातात छत्री असा एक उंच म्हातारा धापा टाकत समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ऊट आते..."

पुढचं 'न्री' धापेत विरून गेलं. मला ऐकू आलं ते असं : "ऊठ, आत ये!"

मी परातीसकट उठले आणि आत गेले. रस्त्यात उभा राहून हा माणूस 'आत ये' कसं म्हणतो, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. म्हटलं, इकडचं मराठी असंच असेल. दाराच्या फटीतून पाहते तर स्वारी माझ्याच जागेवर ऐसपैस बसलेली, वारा घेत! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. माझं पित्त खवळलं. रात्री यांना म्हटलं, "तुमच्या गल्लीत सुनांनी दारात बसायचं नाही, असा कायदा आहे का? तो वकील रोज मला उठवून आत घालवतो."

हे आधी गोंधळले आणि मग हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अग, जेवलीस का म्हणून विचारतात ते!"

सासूबाईंनी ती गोष्ट गल्लीभर केली. दुसऱ्या दिवशी मी धीर करून "आत्री", म्हणजे झालं, असं उत्तर दिलं. अप्पा खूश झाले. "सातारकर, कानडी आली की तुला!" पण अंगवळणी पडलं ते पडलंच. तो प्रश्न कानावर आला की मी आधी उठायची आणि मग आठवून हसायची.

तुम्हीही असा एखादा म्हातारा पाहिला असेल, ज्याला दमलो म्हणायची लाज वाटते. अप्पांचं घर आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला होतं आणि त्यांची थोरली बहीण, अक्का, खालच्या टोकाला राहायची. वकिली सोडल्यापासून रोज संध्याकाळी अक्काकडे जाऊन बसायचं, तिच्या हातचं ताक प्यायचं, एखादं भांडण करायचं आणि परत यायचं, हा त्यांचा नेम. उतरताना काही नाही. चढताना मात्र दर दोन घरांआड त्यांना जेवणाची चौकशी करावीशी वाटायची. कोर्टात उभा जन्म गेलेला माणूस बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात बसणार कसा? म्हणून आधी प्रश्न. माणूस उत्तर देईपर्यंत पाय मोकळे होत.

"टांगा का करत नाही अप्पा?" असं यांनी एकदा विचारलं.

"टांग्यातून बहिणीकडे जायला मी काय पाव्हणा आहे?"

अशात गल्ली रुंद करायचं निघालं. गावात मोटारी दिसू लागल्या होत्या. मोटार वरपर्यंत जावी, दोन्ही अंगांनी बांधीव गटारं व्हावीत, असा बेत होता. कट्टे आड येत होते. दगडांवर चुन्याच्या खुणा झाल्या. सासूबाईंना तर आनंदच झाला. त्यांच्या मते कट्टा म्हणजे रिकामटेकड्यांची पान थुंकायची जागा. काम वरच्या टोकापासून सुरू झालं आणि अप्पांच्या घराजवळचे, ऐन चढावरचे कट्टे पहिल्याच आठवड्यात गेले.

आणि अप्पा दिसेनासे झाले. मी भाजी घेऊन बसायची आणि मला कुणी उठवायचं नाही.

मग खालून अक्कांचा निरोप आला. दूधवालीने तो आमच्या दारात सांगितला : "माझ्यावर रागावला का, तेवढं विचारा म्हणाल्यात." अक्कांचे गुडघे गेलेले, त्या वर्षानुवर्षं वर आलेल्या नव्हत्या. सासूबाईंनी मला निरोप घेऊन पाठवलं. अप्पा खुर्चीत बसले होते. पाय सुजलेले, रुमाल खुंटीला. घरात बसलेला हा माणूस एकदम म्हातारा दिसत होता.

"राग कसला?" ते म्हणाले. "कामं आहेत म्हणावं." समोर काम काहीच नव्हतं.

दोन-चार दिवसांनी म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष स्वतः गल्ली बघायला आले. कापडाचे व्यापारी, देह भरभक्कम. खालून चढत आले ते आमच्या कट्ट्यावर येऊन टेकले आणि पंच्याने मान पुसू लागले. तेवढ्यात वरून छत्री टेकत अप्पा उतरले. कुठून बळ आणलं होतं कोण जाणे. अध्यक्षांसमोर उभे राहून त्यांनी वहिवाटीचा हक्क काय, रहदारीचा कायदा काय, सगळं बाहेर काढलं. गल्ली गोळा झाली.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अप्पा, तुम्ही मोठे माणूस. पण तुमच्या घराला तर कट्टाच नाही. लोखंडी फाटक बसवताना तुम्हीच काढलात. मग तुमचं काय जातंय?"

अप्पांनी छत्री कट्ट्याला टेकवून ठेवली. मग ते खाली बघून हळूच म्हणाले,

"दमतो मी."

दारातून सासूबाईंचा आवाज आला, "अध्यक्षसाहेब, तुम्ही बसलाय तोही कट्टाच आहे म्हटलं!" त्या कुणाच्या बाजूच्या होत्या आणि कुणाच्या झाल्या, हे त्यांचं त्यांनाही कळलं नसेल.

अध्यक्षांनी बसल्या जागेकडे पाहिलं. मग सरकून जागा केली. "बसा अप्पा."

अप्पा बसले. श्वास सावरत सवयीने म्हणाले, "ऊट आतेन्री?"

"इल्री, इन्नू इल्ल," अध्यक्ष म्हणाले. नाही, अजून नाही. आणि खरंच नव्हतं झालेलं, दुपार टळत आली होती. सगळे हसले. सासूबाईंनी आतून दोघांसाठी फोडणीचे पोहे पाठवले. ते कट्ट्यावरच खाल्ले गेले आणि गल्लीचा निकालही तिथेच लागला. गटार एकाच अंगाने जाईल, आमच्या अंगाचे कट्टे राहतील, वरचे पाडलेले पुन्हा बांधले जातील, मोटार खालीच थांबेल. मला इतकं हलकं वाटलं की मी आत जाऊन उगीच देवापुढे साखर ठेवली.

पुढच्या महिन्यात अप्पांनी आपल्या फाटकाबाहेर कट्टा बांधून घेतला. "लोक दमतात," ते मला म्हणाले. आपण दमतो असं ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत. पण चालले मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत. अक्कांचं ताक, भांडण आणि परतताना गल्लीभर जेवणाची चौकशी.

ते गेल्यावर काही दिवसांनी मी संध्याकाळी मेथी निवडत होते. खालून कुणीतरी येत होतं, दर दोन घरांआड थांबत, टेकत, पुन्हा उठत. जवळ आल्यावर ओळखलं. अक्का! वर अप्पांच्या फोटोपुढे दिवा लावायला निघाल्या होत्या.

"तो होता तोवर तोच यायचा," त्या म्हणाल्या. "मला चढावंच लागलं नाही कधी."

मग काठीवर दोन्ही हात ठेवून, धापा टाकत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ऊट आते..."

पुढचं धापेत गेलं. मी उठले, परात बाजूला केली.

"इन्नू इल्ल, अक्का," मी म्हटलं. "बसा."