फुरसं घाट चढत नाही

माझे सासरे विषवैद्य. शनिवार पेठेत त्यांच्या तोडीचा दुसरा नव्हता. श्रीमंतांच्या वाड्यातूनही बोलावणं येई. ओसरीवर शिष्यांना ते रोज तेच घोकायला लावत. साप तीन जातींचे: फणा काढणारे दर्वीकर, अंगावर ठिपक्यांची मंडलं असलेले जाडजूड मंडली, आणि रेघांचे राजिमंत. दर्वीकर आणि राजिमंत चावला तर तापल्या सळईने डाग द्यावा. मंडली चावला तर कदापि देऊ नये, डागाने विष पसरतं. मला पालीचीसुद्धा शिसारी येते, पण त्या पाठांतराची पुढे जितकी आली तितकी कशाचीच आली नाही.

एका उन्हाळ्यात माझ्या माहेरून, कोकणातून, बैलांवर लादून आंब्याच्या करंड्या आल्या. आंबे भाताच्या पेंढ्यात ठेवलेले, अजून हिरवे. वन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला, आंब्याचा भारी सोस. विधवा होऊन परत आलेल्या त्या. घरात माझ्याशी हसून बोलणारं तेवढं एकच माणूस. एखादा तरी पिकलाय का बघू, म्हणून त्यांनी पेंढ्यात हात घातला आणि किंचाळल्या.

मी धावले. पेंढ्यात वीतभर मातकट जनावर वेटोळ्यावर वेटोळं घाशीत होतं. खस्स, खस्स. हा आवाज कोकणातल्या पोरीला शिकवावा लागत नाही. मी करंडीवर सूप पालथं घातलं. तोवर सासरे शिष्यांसह आत आले.

"मामंजी, हे फुरसं आहे," मी दाराआडून म्हटलं. "आमच्याकडे याला डाग देत नाहीत."

त्यांनी काठीने सूप जरा उचललं, लांबूनच पाहिलं आणि नाक मुरडलं. "फुरसं घाट चढत नाही, सूनबाई. ते तुमच्या कोकणात. आणि मंडली असा वीतभर असतो होय? अंगावर रेघ दिसते आहे. राजिमंत."

"चढलं नाही, मामंजी. करंडीतून आलंय."

"आपण वैद्यकी कधी शिकलात?"

शिष्य हसले. मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याची मला आजही किळस वाटते. सळई लाल होईस्तोवर वेळ होता. मी तेवढ्या वेळात काहीच बोलले नाही.

जळलेल्या मांसाचा वास स्वयंपाकघरापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी वन्संचा हात खांद्यापर्यंत सुजून काळानिळा झाला, डागाची जखम पाझरत राहिली, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. रक्त येणं हे मंडलीचं लक्षण, ओसरीच्या भिंतींनाही पाठ होतं. सासऱ्यांनी तोंड पाहिलं आणि बाहेर गेले. मी ओल्या फडक्याने ओठ पुसत होते तेव्हा वन्संनी विचारलं, "वहिनी, तू म्हणत होतीस ते खरं होतं का गं?"

"नाही हो," मी म्हटलं. "मामंजींना जास्त कळतं."

चौथ्या दिवशी त्या गेल्या.

तेरावा झाला आणि ओसरीवर पाठ पुन्हा सुरू झाला. आता त्यात भर होती: मंडली वीतभरही असतो, त्यालाच फुरसं म्हणतात, आणि ते क्वचित घाटावरही सापडतं. एका शिष्याने विचारलं, हे कोणत्या पोथीत आहे?

"पोथीत नाही," सासरे म्हणाले. "हा आमचा अनुभव."

करंडीतले आंबे तोवर पिकले होते. आंब्यांचा काय दोष, असं सकाळीच त्यांनी सांगितलं होतं. मी आत त्यांच्यासाठी रस काढत होते.