फक्त आमचाच स्लॅब तुटला

आज मंगळवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. डायलिसिससाठी अप्पांना व्हीलचेअरवर बसवत होतो, तेवढ्यात टेमघरच्या आमच्या गल्लीत महापालिकेचा जेसीबी शिरला.

घरासमोरच्या गटारावर सगळ्यांनीच विनापरवाना स्लॅब टाकलेत. परवानगीचा अर्ज मी एकट्यानेच केला होता, मापं आणि फोटोंसकट.

जेसीबीने फक्त आमचाच स्लॅब तोडला.

जेसीबीसोबत आलेल्या पालिकेच्या माणसाला विचारलं, "साहेब, बाकीचे?"

"त्यांचा कागद न्हाय आमच्याकडे. आधीच बांधलंय, हे तूच लिहून दिलंस ना?"

शेजारच्या काकांना विचारलं, "तुमच्या स्लॅबवरून खुर्ची नेऊ?"

"नको रे बाबा! तुझ्यापायी माझाही नंबर लागेल."

मग अप्पांना पाठीवर घेऊन गटारात उतरलो.

गुरुवारी पुन्हा डायलिसिस आहे. नवा अर्ज करू, की गुपचूप स्लॅब टाकू? खरं सांगा.