बाईंच्या हाताचे माप

डॉक्टर सुजाताबाईंची आणि माझी पहिली गाठ पडली तेव्हा मी त्यांच्या दवाखान्यात चोरासारखी उभी होते. हिवरखेडचा बाजार होता त्या दिवशी. मी बांगड्यांची पेटी उघडून नुकतीच बसले होते. तेवढ्यात तेल्हाऱ्याहून बाईंचे कंपाउंडर फटफटीवर आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "चाची, पेटी बंद करा. बाईनं बलावलं."

"काहून बाप्पा? मी कोनाचं काय केलं?"

"थे तिथं गेल्यावर समजन. बसा मांगं."

मी रशीदाबी. तेल्हारा तालुक्यातल्या गावागावांत बायांना बांगड्या भरण्यात माझे आयुष्य गेले. शाळा चौथीपर्यंत. पुढचे वाचन बांगड्या ज्या रद्दीत गुंडाळून येत त्या रद्दीवर झाले. बाईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात मोठमोठे डॉक्टर लिहितील, बाईंनी किती अवघड बाळंतपणे सोडवली ते सांगतील. ते ज्ञान मला नाही. मला हात कळतात, म्हणून मी आपले हातापुरतेच लिहिते.

दवाखान्यात खाटेवर सविता होती. पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला. दोन आठवड्यांपूर्वी तिच्या डोहाळजेवणाला हिरवा चुडा मीच भरला होता. आता तिचे तोंड सुजलेले, डोके ठणकत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. चुडा तर मनगटाच्या मांसात रुतला होता आणि बोटे निळसर पडली होती. तिचा रक्तदाब फार चढला होता. फिट येऊ नये म्हणून बाईंनी एक इंजेक्शन कमरेत दिले होते, पण पुढच्या औषधासाठी हाताची शीर हवी होती. बाकी हात सुजून शीर सापडेना आणि मनगटावरची चुड्याखाली दबलेली. आणि खाटेच्या आड सविताची सासू गिरजाबाई, मारुतीच्या देवळापुढे पहारा द्यावा तशी उभी.

"दोहाजेवनाचा चुडा हाय हा. फोडला आन् लेकराले काई झालं त? मी हात लावू देनार नाही. सुई दुसरीकडं कुठं लावा."

दुसरे कोणी असते तर त्या बाईला बाहेर काढले असते. डॉक्टरबाईंनी आवाजही चढवला नाही. त्या म्हणाल्या, "गिरजाबाई, ज्या हातानं बांगड्या चढल्या, त्याच हातानं उतरतीन. एकबी फोडत नाही. मंग त झालं?"

गिरजाबाईंनी माझ्याकडे पाहिले. "हाव. मंग झालं."

मी सविताचा हात वर धरायला लावला, म्हणजे सूज जरा ओसरते. हाताला तेल लावले, वरून पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली, अंगठा तळव्यात दुमडला आणि एकेक बांगडी पिशवीवरून सरकवत काढू लागले. पोरीच्या डोळ्यांतून पाणी येत होते, पण हात तिने मागे घेतला नाही. डावा हात मोकळा होताच बाईंनी सुई लावली. उजव्या हाताची शेवटून दुसरी बांगडी माझ्या बोटांत तडकली. मी ती मुठीत दाबली. बाईंनी पाहिले, गिरजाबाईंनी पाहिले नाही. बाई म्हणाल्या, "चाची, थांबू नका. पुढची काढा." गिरजाबाई आता या जगात नाहीत, म्हणून इतक्या वर्षांनी आज हे कबूल करते.

पोरीला अकोल्याला न्यायची जीप यायची होती, तेवढ्या वेळात बाईंनी मला विचारले, "चाची, हिचं माप काय हाय?"

"सव्वादोन. लगनातबी सव्वादोनच भरलं होतं."

"आन् दोहाजेवनाले?"

मी खाली पाहिले. "अडीच. साबन लावून चढवलं."

त्या दिवशी मी काय केले होते ते मलाच आठवत होते. साबणाच्या फेसात हात घालून, भरल्या घरात मी मोठ्याने म्हटले होते, "पोट्टीले बाळसं चढलं वो! राजबिंडं लेकरू होते आता!" बाया हसल्या, गिरजाबाईंनी पोरीची दृष्ट काढली. ज्या सुजेपायी दवाखाना गाठायला हवा होता, त्या सुजेचे आम्ही कौतुक केले. मी म्हटले, "बाई, हे पाप माह्या हातून झालं."

बाई म्हणाल्या, "पाप नका म्हनू. तुमाले माप समजलं होतं, त्याचा अर्थ कोनी सांगला नव्हता. तो सांगाले मी आधी तुमच्याकडं याले पाह्यजे होतं." दोष दुसऱ्याच्या पदरात टाकण्याची सोय असताना तो आपल्या पदरात घेणारे माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मग जीपची वाट पाहता पाहता त्यांनी मला समजावले. रक्तदाब चढला की वारेकडे जाणाऱ्या रक्ताचा पाट बारीक होतो. वारेतून लेकराला अन्न-पाणी पोचते. पाट बारीक झाला की शेवटच्या वाफ्यातल्या झाडासारखे लेकरू खुरटते. पोट मोठे दिसते, आई भरलेली दिसते, आणि आतले लेकरू उपाशी असते. कधी त्याची हालचाल कमी होते, कधी भोवतालचे पाणी आटते. मग डॉक्टरला एकच हिशेब करावा लागतो: लेकरू आत जास्त सुखरूप की बाहेर? आणि बाहेर काढायचे तर त्याची फुप्फुसे आधी तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शने द्यायची. त्यातले पहिले बाईंनी तिथेच दिले आणि स्वतः जीपमध्ये सविताच्या उशाशी बसून अकोल्याला गेल्या.

अकोल्याला दोन दिवस थांबून ऑपरेशन झाले. मुलगी झाली, दीड किलोच्याही आतली. आई सावरली, पण लेकराला काचेच्या पेटीत ठेवले. मी दर बाजाराला कंपाउंडरभाऊंना विचारायची, ते म्हणायचे, "हाय अजून." त्या दोन शब्दांवर मी आठवडा काढायची. माझ्याकडेही काचेचीच पेटी होती, पण ती उघडायला हात होत नव्हता.

पावणेदोन महिन्यांनी गिरजाबाई बाजारात माझ्यासमोर येऊन बसल्या. "चाची, नातीसाठी काया बांगड्या दे. नजर लागू नाही म्हनून." मी सगळ्यांत लहान माप काढले. त्यांनी मांडीवरच्या फडक्यातून एवढासा हात बाहेर काढला. बांगडी घातली तर थेट दंडापर्यंत गेली! आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारचा मिरचीवाला ओरडला, "काय झालं वो?" गिरजाबाई म्हणाल्या, "काई नाही झालं. थेच त सांगून राहिलो!"

ती नात म्हणजे प्राची. हा लेख माझ्या वहीतून कॉम्प्युटरवर तिनेच उतरवला. तीनदा म्हणाली, "आजी, असं लिहीत नसतात." मी म्हटले, "तू टाइप कर. तुह्या जन्माआधीची गोष्ट हाय, तुले काय माहीत?"

त्यानंतर बाईंनी मला कामाला लावले. गरोदर बाईला बांगड्या नेहमी एक माप सैल भरायच्या, घाई पडली तर निघाल्या पाहिजेत. जिचे माप पटकन वाढले, तिला चिठ्ठी देऊन पाठवायचे. चिठ्ठीवर फक्त जुने माप आणि नवे माप. डोके दुखते का, अंधारी येते का, लेकरू कालच्यासारखे हलते का, हे बोलता बोलता विचारायचे. माझ्या चिठ्ठ्यांवर गेलेल्या पुष्कळ बायांना काहीच नसायचे, गरोदरपणात थोडी सूज बहुतेकींना येतेच. मला लाज वाटायची. एकदा म्हटले, "बाई, फुकट चकरा होऊन राहिल्या लोकाइच्या." त्या म्हणाल्या, "सुजेवरून मी काई ठरवत नाही चाची, नुसतं बलावतो. ठरवते माहा रक्तदाबाचा पट्टा आन् लघवीची तपासनी. बाई हसत घरी गेली, त चक्कर फुकट कशी?"

पण माणसाची जात मोठी बिलंदर. चाचीच्या हाती हात दिला की दवाखाना मागे लागतो, अशी हूल गावांत उठली. सुना हट्टाने जुन्याच मापाच्या बांगड्या मागू लागल्या. एक तर हातावर ओरखडे उमटले तरी म्हणे, "बसते चाची, बसते, दाबा तुमी!" घरी साबण लावून सराव करून येत. मी हैराण होऊन बाईंना सांगितले.

पुढच्याच बाजारी बाई माझ्या सतरंजीवर येऊन बसल्या, आपला रक्तदाबाचा पट्टा घेऊन. भोवती बायांचा घोळका. बाईंनी आपला हात माझ्यापुढे केला. "पाहा चाची, माहं माप."

मी हात दाबून पाहिला. "सव्वादोन."

"आता माहा रक्तदाब पाहू." सगळ्यांसमोर स्वतःच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि पाहून म्हणाल्या, "थोडा जास्तच हाय! कालपासून मीठ जास्त खाल्लं वाट्टे. चला, आता कोनाची पाळी?" बाया हसल्या आणि एकेक हात पुढे आला. मी म्हटले, "बाई, माप झालं, आता भरून देतो हिरव्या." त्या म्हणाल्या, "मले दिवसातून पन्नासदा हात धुवा लागते. बांगड्यांत घान बसते, थे लेकराइले लागते. माप पाहून ठेवा. हे काम सुटलं का भरून घेईन."

तसेच गोडाचेही. चांदूर बाजारहून माहेरी आलेल्या एका लेकीला गरोदरपणात साखर निघाली. आईने डोहाळजेवणच रद्द करून टाकले. म्हणाली, गोडाशिवाय कसले कौतुक? बाई त्या घरी गेल्या. आईच्या साखरेने लेकरू नुसते फुगते, आणि जन्मताच त्याची स्वतःची साखर घसरते, हे चुलीपाशी बसून त्यांनी समजावले. मग ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि दाण्याच्या चटणीवर डोहाळजेवण घालायला लावले आणि स्वतः पंगतीला बसल्या. वर म्हणाल्या, "चटनी अजून वाढा, तिची साखर नाही वाढत." बाईंचा राग आम्ही पाहिला नाही असे नव्हे. तपासणी चुकवणाऱ्या नवऱ्यांना त्यांच्यापुढे उभे राहणे जड जायचे. पण बाईमाणसाला, सासूला, माझ्यासारख्या चुकलेलीला त्यांनी कधी चारचौघांत खाली पाहायला लावले नाही.

या वर्षी बाईंनी दवाखान्याचे काम पुढच्यांच्या हाती दिले. गेल्या महिन्यात मी पेटी घेऊन त्यांच्या घरी गेले. सोबत प्राची होती. बाईंनी हात पुढे केला. मी वर्षानुवर्षे मनात जपलेल्या सव्वादोनच्या हिरव्या बांगड्या काढल्या, एक चढवली, आणि ती मनगटावरून सरळ घसरून माझ्या मांडीवर पडली.

प्राची हसली. मला हसू आले नाही. मी पुन्हा हात दाबून पाहिला. दोन-दोनचे माप, सव्वादोनपेक्षा एक पायरी लहान. मी म्हटले, "बाई, माप उतरलं. काहून? जेवता का नाही तुमी?"

"वय झालं चाची."

"वय माहंबी झालं. वयावर नका ढकलू. तुमीच शिकवलं, माप बदललं का तपासाले पाठवा."

त्या मोठ्याने हसल्या. मग मी चिठ्ठी लिहिली: आधी सव्वादोन, आता दोन-दोन. प्राची त्यांना गाडीवर बसवून तपासणीला घेऊन गेली. दीड तासाने परत आल्या त्या माझ्या चिठ्ठीच्या पाठीमागे डॉक्टरांचे उत्तर घेऊनच. रक्त थोडे कमी आहे, बाकी सगळे ठीक, दोन वेळ पोटभर जेवायचे. मग मी दोन-दोनच्या हिरव्या बांगड्या त्यांच्या हातांत भरल्या. बाई हात हलवून त्यांचा आवाज ऐकत बसल्या होत्या.

माझी दुवा एवढीच, बाई. दर वर्षी मी पेटी घेऊन येईन आणि हात दाबून पाहीन. पुढच्या वर्षी सव्वादोन परत बसले पाहिजे. नंतर शंभरीपर्यंत माप तेच राहू द्या. राहिले नाही, तर चिठ्ठी लिहायला मी आहेच, आणि तुम्हाला गाडीवर बसवून न्यायला प्राची आहे.