हात मागं

मेडिकलला दुसऱ्यांदा नंबर हुकला आणि मी मतिमंद मुलांच्या शिक्षिकेच्या पदविकेला नाव घातलं. तेव्हा मी लातुरात क्लासवाल्यांच्या गल्लीत खोली करून राहायची. तिथं दूधवालासुद्धा पोरींना "डॉक्टरीणबाई" म्हणायचा. घरमालकीण म्हणाली, "शेवटी डॉक्टरच की, जरा वेगळी." माझं डोकं फिरलं, पण खोली तिची होती.

पदविकेचं दुसरं वर्ष अख्खं शाळेत काढायचं, एका जुन्या बाईंच्या हाताखाली. भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या शेडमधली शाळा, आणि माझ्या नशिबात आपा. अख्खी शाळा त्यांना आपाच म्हणायची. वर्षाअखेरी बाहेरचे परीक्षक माझा एक पाठ बघणार होते. त्यांची सही झाली तर दिल्लीहून नोंदणी क्रमांक येणार आणि मी शिक्षिका होणार. नाहीच झाली तर मुखेडला बाबांनी उदगीरचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. स्थळाला किराणा दुकान होतं आणि जाड मिशा होत्या. मला दोन्ही नको होतं.

आपांचा नियम एकच. लेकरू काम करत असलं की बाईचे हात मागं. मला ते जमेना. कुणाचं बटण अडकलं की माझा हात गेलाच. एक दिवस आपांनी माझ्याच ओढणीनं माझे हात पाठीमागं बांधले आणि मधल्या सुट्टीपर्यंत तशीच वर्गात फिरवली. "काम लेकराचं हाय, तुजं न्हाई. तू नुसती बघत राहा." पोरं जाम खूश. मला नाकावरची माशी हाकलता येत नव्हती.

पाठासाठी जी पोरगी मिळाली ती किल्लारीकडची, अकरा वर्षांची. भूकंपात तान्ही होती. आईनं ढिगाऱ्यातून तिला हातांनी उकरून काढलं, आणि त्यानंतर ते हात तिच्यापासून दूर गेलेच नाहीत. घास आई भरवणार, पेला आई ओठाला लावणार. पोरीला तहान लागली की ती नुसतं तोंड उघडायची. पोरीसाठी आई लातुरात येऊन राहिली होती आणि दिवसभर शाळेच्या फाटकाशी बसून असायची.

मी पाठ ठरवला, पाहुण्याला पाणी देणं. शिकवायची पद्धत क्लासची. पेला, माठ, पाणी, खुर्ची. रोज वीस वेळा, तीन आठवडे. खिडकीजवळच्या खुर्चीत पाहुणी म्हणून मी बसायची, पेला घ्यायची आणि पाणी बाजूच्या तुळशीत ओतायची. तुळस सडून गेली. आपा म्हणाल्या, "हे शिकवणं हाय का घोकणं?" मी मनात म्हटलं, लातुरात राहून हा प्रश्न विचारता?

परीक्षक आले. खिडकीतून ऊन येत होतं म्हणून ते दाराजवळच्या बाकावर बसले. पोरीला तर पाहुणा खिडकीजवळच्या खुर्चीतच माहीत होता. पोरीनं पेला घेतला, माठातून भरला, खिडकीकडं गेली आणि रिकाम्या खुर्चीपुढं धरून उभी राहिली. घेणार कोण? परीक्षक वहीत काहीतरी लिहू लागले. मी हात मागं घट्ट धरले होते. डोळ्यांपुढं मिशा दिसायला लागल्या.

तेवढ्यात दारातून डोकावणारी पोरीची आई आत आली. "दे गं माय इकडं." मी धावले. लेकराकडं नाही, आईकडं. तिचे दोन्ही हात धरले आणि तिच्याच पाठीमागं नेले. परीक्षकांसमोर एका पालकाला चोरासारखं धरून मी उभी. म्हटलं, झालं, गेला पाठ.

पोरीनं आईकडं बघून सवयीनं तोंड उघडलं. कुणी आलं नाही. तिनं पेल्याकडं पाहिलं. मग दोन्ही हातांनी उचलून ओठाला लावला आणि घटाघटा प्याली. निम्मं फ्रॉकवर सांडलं. तीन आठवड्यांत मी तिला तीन-चारशे पेले भरायला लावले असतील, पण "तुला हवं का गं?" असं एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"हे तुमच्या पाठात आहे का?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही सर. पाठात पाणी तुम्हाला होतं."

"मला तर मिळालं नाही."

"नाही मिळालं," मी म्हटलं. खोटं बोलायला तोंडच नव्हतं.

ते पोरीच्या ओल्या फ्रॉककडं बघत राहिले. मग माझ्या पाठाच्या वहीतलं उद्दिष्ट खोडलं, त्यावर लिहिलं, "स्वतःच्या हातानं पाणी पिते", आणि खाली सही केली.

मी अजून आईचे हात धरूनच होते. सोडले, तसे तिनं ते पुढं आणले आणि उलटसुलट करून बघितले. "बाई, अकरा वर्सं हेच केलं. आता म्या या हातांचं काय करू?"

आपा पुढं आल्या आणि माझ्याकडं बोट दाखवून तिला म्हणाल्या, "मागं ठेव. लई जड जातं. हिला विचार."