मावशीचं वेटिंग

वाट बघण्याच्या बाबतीत आमच्या मासेवाल्या मावशीचा हात धरणारं माणूस अख्ख्या अंधेरीत सापडायचं नाही. हे मी उगाच बोलत नाही. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसून काढलीत मी. लोक वाट कशी बघतात ते रोज बघत होतो. लोक चुळबुळतात, 'साहेब जेवायला गेले का' म्हणून विचारतात आणि शेवटी भांडतात. मावशी यातलं काहीही करत नाही. वेसाव्याहून टोपली घेऊन येते, आमच्या तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या वळणाशी टोपली उतरवते, लुगडं सावरून पायरीवर बसते आणि बसूनच राहते. बेल वाजवत नाही, हाक मारत नाही. "बेल कशाला? वास जातो ना आत," असं तिचं म्हणणं. आणि दहा मिनिटांत एकेक दार उघडतंच. एकदा आम्ही दोघंही बँकेत अडकलो होतो, तर ही बया आमच्यासाठी दीड तास बसून राहिली, आणि तेवढ्या वेळात समोरच्या शुद्ध शाकाहारी काकूंनी नाकाला पदर लावून तिला दोन वेळा चहा दिला होता.

मावशीच्या टोपलीला दोन मजले आहेत. वर बर्फावर मांडलेला माल, आणि तळाला केळीच्या पानाखाली झाकलेला माल. तळातला कुणाला मिळतो, कधी मिळतो, याचे नियम तिच्या डोक्यात असतात. पाचव्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं, पवईच्या कुठल्याशा कंपनीतले बडे गृहस्थ. पहिल्याच रविवारी त्यांनी वरच्या पापलेटावर बोट ठेवलं. "हे द्या."

"ते नाय विकायचं."

"मग मांडलंय कशाला?"

"बगायला."

गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. बिचारे स्वस्तातली मांदेली घेऊन वर गेले. पुढे आठ महिने मांदेली, बोंबील, कधी करंदी असं मुकाट्याने घेत राहिले, तेव्हा कुठे एका सकाळी मावशीने कोपरापर्यंत हात घालून तळातून पापलेट काढलं आणि म्हणाली, "हे घ्या. आता तुमी आमचे." त्या दिवशी त्यांना बढती मिळाल्यासारखा आनंद झाला होता. मावशीचं तत्त्व सरळ आहे. "पापलेट काय, कोनपन घेतो. मांदेली कोन घेतो ते बगायचं." पंचवीस वर्षं तिच्याकडून मासे घेऊनही मला मात्र एक प्रश्न छळतो, की आपल्याला तळातलं मिळतं की वरचं? विचारायची हिंमत झाली नाही. उत्तर 'वरचं' असं आलं तर पुढचं आयुष्य कसं काढायचं?

मी रिटायर झालो तेव्हा ऑफिसने शाल, श्रीफळ आणि एक मनगटी घड्याळ दिलं. दुसऱ्या दिवशी मी ते घालून जिन्यात गेलो. मावशीने माझा हात उलटासुलटा करून बघितला. "आता कुटं जायचं नाय, तर घड्याळ दिलं?" ते तिच्या डोक्यात राहिलं असावं, कारण आठवड्याने ती अचानक म्हणाली, "भाऊ, आमच्या नाखवाला कोन देनार?"

नाखवा म्हणजे तिचा नवरा. चाळीस वर्षं स्वतःची बोट स्वतः घेऊन दर्यात जाणारा माणूस. त्याचे गुडघे गेले होते. येत्या नारळी पौर्णिमेला बोट दोन्ही मुलांच्या ताब्यात द्यायची असं घरात ठरलं होतं. "तो उतरनार, तर त्याला शाल नाय, श्रीफळ नाय. श्रीफळ उलटं आमीच दर्याला देतो," मावशी म्हणाली. तेव्हा घड्याळ तरी द्यायचं. आणि साधंसुधं नाही. पंधराएक वर्षांपूर्वी मढसमोर कुणा शेटची मौजेची बोट बंद पडली होती, ती नाखवाने दोर बांधून ओढत आणली. पैसे घेतले नाहीत. शेटच्या मनगटावरचं काळ्या तबकडीचं घड्याळ मात्र डोळे भरून बघितलं, कारण दिवसभर खारं पाणी पिऊनसुद्धा ते चालू होतं. तेव्हापासून वर्षातून दोनदा तरी तो म्हणायचा, "घड्याळ असावं तर तसलं." मागितलं कधीच नाही. मावशीच्या सुनेने ते फोनवर शोधून काढलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही. किंमत तर मी आमच्या हिलाही सांगितली नाही. वाचून मला घाम फुटला होता. मावशीला काही झालं नाही. तिच्या अंगावरचं सोनं बघितलं तर माझं पेन्शन लाजेल.

"तुमी चला संगती. इंग्रजी बोलाया," ती म्हणाली, आणि एका दुपारी आम्ही लिंक रोडच्या मॉलमधल्या त्या अधिकृत दुकानात गेलो. मावशी हिरवं लुगडं, अबोलीचा गजरा आणि सगळे दागिने घालून आली होती. दारावरच्या माणसाने आधी तिच्याकडे बघितलं, मग सोन्याकडे, आणि दार उघडलं. आत पस्तिशीच्या, काळा कोट घातलेल्या एक बाई होत्या. समोर काचेत तेच घड्याळ! काळी तबकडी, सगळं तेच. मी माझं ठेवणीतलं इंग्रजी काढलं. बाई अदबीने म्हणाल्या, "सॉरी सर, हे विकण्यासाठी नाही."

"मग मांडलंय कशाला?" मी.

"बघण्यासाठी, सर."

मावशी एवढ्या जोरात हसली की आतल्या केबिनमधून मॅनेजर बाहेर आला. बाईंनी पुढचं समजावून सांगितलं. या मॉडेलला वेटिंग आहे, यादी आहे, आणि आमच्याकडून आधी काही खरेदी केलेल्या गिऱ्हाइकांचा विचार पहिल्यांदा होतो. माझं डोकं फिरलं. पैसे घेऊन आलेल्या माणसाला आधी दुसरं घे म्हणता? ही पिळवणूक आहे, मी वर तक्रार करीन, मी सरकारी नोकरीत होतो, असं बरंच काही मी बोललो. मावशीने माझी बाही ओढली. "भाऊ, गप ऱ्हावा. बाई बरोबर करते. मांदेली कोन घेतो ते बगायला नको तिनं?" मग बाईंकडे वळून तिने विचारलं, "तुमच्यात मांदेली काय हाय?"

त्याचा अर्थ मी समजावून दिला तेव्हा बाईंचा कोट गळून पडला, म्हणजे आतली मालवणी बाहेर आली. मालाडला राहणाऱ्या, मूळच्या मालवणकडच्या. "अगो मावशे, तू पयलीच आसस ह्या विचारणारी!" मावशीने त्या दिवशी सुनेसाठी एक छोटंसं घड्याळ घेतलं. "वर्षसुद्धा लागेल हां, सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. मावशी उठता उठता म्हणाली, "थांबायचं मला नको शिकवू, पोरी."

त्यानंतर महिन्यातून एकदा आमची फेरी ठरलेली. मावशी सोफ्यावर बसायची, त्यांची कडू कॉफी तोंड वाकडं करून प्यायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि उठायची. 'आलं का?' म्हणून एकदाही विचारलं नाही. एकदा मी विचारलं तर मला कोपर बसलं. "विचारलं की पापलेट आनखी खाली जातं!" तिकडे त्या बाई दर रविवारी वेसाव्याच्या बाजारात यायला लागल्या. "मावशे, सुंगटां गावतली काय?" म्हणत कोलंबी घ्यायच्या. फुकट काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही, हे दोघींनाही न बोलता कळत होतं. सहाव्याच महिन्यात मावशीने त्यांना तळातलं पापलेट दिलं. 'आता तुमी आमचे' वगैरे सगळं झालं. मला हे मावशीनेच कौतुकाने सांगितलं. खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं माझ्या.

मग पावसाळा आला, मासेमारी बंद झाली, बोटी किनाऱ्यावर ओढल्या गेल्या. मावशी सुकट-बोंबील घेऊन यायची. पौर्णिमा दहा दिवसांवर आली तशी ती पायरीवर नीट बसेनाशी झाली. उठायची, परत बसायची. आणि एक दिवस पंचवीस वर्षांत न केलेली गोष्ट तिने केली. "भाऊ, फोन नाय आला?" दुकानात माझा नंबर दिला होता, कारण मावशीचा फोन बर्फाशेजारी राहून वर्षातून दोनदा मरतो. "नाही गं," मी म्हणालो. तिने मान हलवली.

पौर्णिमेला चार दिवस उरले असताना दार वाजलं. खुद्द मावशी, आणि तिच्या मागे त्या कोटवाल्या बाई.

"भाऊ, तुमी फोन कापता?"

मी अनोळखी नंबर उचलत नाही. क्रेडिट कार्डवाले असतात. तीन दिवसांत सहा वेळा कापला होता मी तो नंबर, आणि एकदा उचलून 'नको आहे, परत करू नका' असं सुनावलंही होतं. सगळी वाट लावून ठेवली होती मी. बाई म्हणाल्या, "काका, घड्याळ आलंय. दोन दिवस ठेवायचा नियम आहे. मी आज पाचवा दिवस ठेवलंय. मॅनेजर रोज विचारतात. आज संध्याकाळी ते पुढच्या गिऱ्हाइकाला जाणार." मावशीने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "चला," एवढंच म्हणाली.

दुकानात तिने प्लास्टिकच्या पिशवीतून पॅन कार्ड आणि चेकबुक काढलं. बाईंनी काउंटरखाली वाकून अगदी तळाच्या खणातून डबी काढली, दोन्ही हातांनी तिच्यासमोर ठेवली. "घे मावशे. आता तुमी आमचे." मावशीने पदराने डोळे पुसले. मीही चष्मा पुसला.

पौर्णिमेला मी गेलो नाही, तोंड नव्हतं मला. पण चार दिवसांनी मावशीने निरोप पाठवला, पहिल्या मोठ्या खेपेचे मासे येणार, बंदरावर या. गेलो. मुलं बोट घेऊन पहाटेच गेलेली. मावशी धक्क्यावर टोपल्या धूत होती आणि नाखवा एका पालथ्या क्रेटवर बसला होता. मनगटावर ते घड्याळ. दर दोन मिनिटांनी बघत होता.

"चारला यायला पायजे होते," तो म्हणाला.

"येतील."

"सव्वाचार झाले गो."

"येतील म्हनलं ना."

त्याने परत घड्याळ बघितलं, मग दर्याकडे, मग तिच्याकडे. चाळीस वर्षं ती बाजू त्याने कधी बघितलीच नव्हती; तो नेहमी पाण्यावरून यायचा. हळूच म्हणाला, "एवढा वेळ थांबायला लागायचं गो तुला? रोज?"

मावशीने टोपली उपडी करून पाणी झटकलं. "माझ्याकडं घड्याळ नव्हतं ना," ती म्हणाली, "म्हनून कळला नाय."

नाखवा क्रेटवर थोडा सरकला आणि तिच्यासाठी जागा केली. ती हात पुसून बसली. बोट दिसेपर्यंत मीही तिथेच उभा राहिलो, आणि आपल्याला तळातलं मिळतं की वरचं, ते विचारायचं त्या दिवशीही राहून गेलं.