अमोल जाधवच्या खात्यातली त्रेचाळीस नावं

सुभेदार दिनकर शिंदे माझ्या ऑफिसात आले ते मोबाईल समोर धरूनच. खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत.

"म्याडम, ह्ये बघा. परवाधरनं असंच हाय. आमची वेबसाइट गेली कुठं?"

स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ होती. या डोमेनची मुदत संपली आहे. खाली कसल्या कसल्या जाहिराती.

शिंदे सैन्यातून निवृत्त झालेले. आष्ट्याजवळ त्यांची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. हल्ली बरेच शेतकरी कांडी न लावता ट्रेमधली तयार रोपं लावतात. शिंद्यांची रोपं पार लातूर-विजापूरपर्यंत जातात आणि बुकिंग सगळं वेबसाइटवरून होतं. जून संपत आला होता. आडसाली लागणीचा, म्हणजे पावसाळ्यात ऊस लावायचा, हंगाम तोंडावर, आणि दुकानाची पाटीच गायब.

मी विश्रामबागेत वेबसाइट करून देण्याचं काम करते, बरीच वर्षं. मी त्यांना पहिला प्रश्न तोच विचारला जो अशा वेळी सगळ्यांना विचारते.

"डोमेन कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्याच की. माझ्याच नर्सरीचं नाव हाय त्यात."

तसं नसतं. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, तिचा पत्ता. ते कायमचं विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं. नोंदणी करणाऱ्या कंपनीत एक खातं उघडायचं आणि दर वर्षी नाही तर दोन वर्षांनी मुदत वाढवून घ्यायची. त्याला रिन्यू करणं म्हणतात. ज्याच्या नावानं नोंद, मालक तो. धंदा कुणाचा, घाम कुणाचा, हे कंपनी विचारत नाही.

"वेबसाइट कुणी करून दिली होती?"

"अमोल जाधवनं. गेला की बिचारा."

ते मला माहीत होतं. अमोल माझ्याच धंद्यातला. शंभर पावलांवर ऑफिस. बेचाळिसाव्या वर्षी, मार्चमध्ये, हार्ट अटॅकनं गेला. आमचं फार बोलणं नव्हतं. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी माणसं बोलतात तेवढंच.

मी नोंद तपासली. मुदत दोन दिवसांपूर्वी संपलेली. अशी मुदत संपली की लगेच नाव जात नाही. महिनाभर सवलत मिळते, पुढचा महिनाभर दंड भरून सोडवता येतं, आणि मग ते नाव बाजारात मोकळं होतं. कुणीही उचलावं. पण सवलतीतसुद्धा रिन्यू करायचं तर खात्यात शिरावं लागतं. खातं अमोलचं. ओटीपी येणार अमोलच्या मोबाईलवर. मी त्याचा नंबर लावून बघितला. बंद.

कंपनीला ई-मेल केला. उत्तर आलं, मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं पाठवा, तपासून कळवू. किती दिवसांत, ते लिहिलं नव्हतं. आणि कागदपत्रं असणार त्याच्या बायकोकडे.

"तिला गाठायचं मग," शिंदे म्हणाले. "उंब्रजला सासरी असती. माझी गाडी हाय. रविवारी जाऊया."

मला जायचं नव्हतं. कारण सांगते. अमोल गेला त्याच आठवड्यात मी व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला होता. आधी श्रद्धांजली, आणि त्याच्याच खाली, 'अमोल जाधव यांच्या ग्राहकांना आमच्याकडे तत्पर सेवा मिळेल.' सोबत माझा नंबर. पाच जण आले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. नंतर वाटलं, पण मेसेज काढायची मुदत गेली होती.

रविवारी आम्ही उंब्रजला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. अमोलचे वडील, नाना, ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. शिंदे चप्पल काढून त्यांच्याशेजारीच बसले.

"आवं नाना, मी आष्ट्याचा. अमोलनं माझी वेबसाइट केलेली."

"व्हय का? बसा की. लय राबलं बघा पोरगं त्या कॉम्प्युटरपायी."

आतून अमोलची बायको वैशाली पाणी घेऊन आली. ती हायस्कूलला गणित शिकवते. मी माझं नाव सांगितलं. तिनं तांब्या खाली ठेवला.

"ओळखते मी तुम्हाला. म्हणजे तुमचा मेसेज ओळखते."

तिनं पेल्यात पाणी ओतून माझ्यापुढे ठेवलं.

"ग्रुपमध्ये ह्यांचा नंबर होता. तेरावंसुद्धा व्हायचं होतं. फोन वाजला म्हणून बघितला, तर तुम्ही."

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

एवढंच. मग शिंद्यांनी आपली अडचण सांगितली. त्यांनी नीट सांगितली, मी सांगितली असती त्यापेक्षा नीट.

"फोन मीच बंद करून ठेवला," वैशाली म्हणाली. "लोक फोन करायचे. अमोल आहेत का? नाहीत, वारले. बरं बरं, मग पासवर्ड कुणाकडे आहे? एका दिवसात असे नऊ फोन आले. नवव्याला मी काय बोलले ते मला आठवत नाही. मग कपाटात टाकला."

"त्या नवातला एक मी असंन," शिंदे म्हणाले. "मला ठावं नव्हतं, ताई. मी आवाज चढवला आसंल तर पदरात घ्या."

ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे वळली. "हे नाव गेलं तर काय होईल? खरं सांगा."

मी सांगितलं. मोकळं झालेलं नाव उचलायला माणसं टपलेली असतात. चालत्या वेबसाइटचं असेल तर आधी. त्यावर जुगाराची जाहिरात लागेल. नाहीतर, आणि हे जास्त वाईट, कुणीतरी हुबेहूब तशीच वेबसाइट करून रोपांचं बुकिंग घेईल. शेतकरी पैसे भरतील, रोपं येणार नाहीत.

"आणि धरणार सुभेदारांना," वैशाली म्हणाली.

"मग? ट्रेवर नाव माझं हाय," शिंदे म्हणाले. "बॉर्डरला जन्म काढला. आता हितं चोर म्हणून घ्यायचं."

मग वैशालीनं वर्गात विचारावा तसा प्रश्न विचारला. "पण हे नाव सुभेदारांच्या नावावर का नव्हतं? ह्यांच्या नावावर का होतं?"

"सोयीसाठी," मी म्हटलं. "गिऱ्हाइकाला यातलं कळत नाही. ई-मेल नसतो, ओटीपी वेळेवर सांगत नाहीत. आपल्याच खात्यात ठेवलं की रिन्यू करायला बरं पडतं."

"आणि?"

गणिताच्या शिक्षकाला अर्धं उत्तर चालत नाही.

"आणि गिऱ्हाईक सोडून जाऊ शकत नाही," मी म्हटलं.

"असं. अजून किती आहेत ह्यांच्या खात्यात?"

"खातं उघडल्यावर कळेल."

ती आत गेली आणि फोन घेऊन आली. चार्जरला लावला. "पिन मला माहीत आहे. मीच उघडणार, मीच बटणं दाबणार, तुम्ही फक्त सांगायचं. आणि एक अट आहे. जी काही नावं असतील ती ज्याची त्याच्या नावावर करायची. तुमच्या नावावर एकही नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर तुमच्या घरी पण असेच फोन येणार ना?"

अट मान्य करण्यावाचून इलाज नव्हता. मी मान्य केली.

फोन सुरू झाला, पण सिमला नेटवर्क नव्हतं. रिचार्ज न केल्यानं नंबर बंद पडला होता. शिंद्यांनी आपल्या मोबाईलवरून रिचार्ज करून बघितला. झाला नाही. पुन्हा केला. नाहीच. आलो तसं परत जावं लागणार असं मला वाटलं. मग सुचलं, ओटीपी ई-मेलवरही मागवता येतो. अमोलचा ई-मेल त्या फोनवर उघडा असला तर? शिंद्यांच्या हॉटस्पॉटला फोन जोडला. मेल धडाधड उतरायला लागले. बहुतेक सूचना मुदत संपत आल्याच्या. कंपनी बिचारी महिनाभर अमोलला कळवत होती.

ओटीपी आला. वैशालीनं आकडे एकेक करून वाचले आणि भरले. खातं उघडलं. त्रेचाळीस नावं.

तिनं शाळेची वही काढली, समास आखला आणि सगळी उतरवून घेतली. नाव, धंदा, मुदत. काही तिला ओळखीची होती. "हे कवठ्याचे बेदाणेवाले. लग्नात आले होते आमच्या," असं मध्येच म्हणायची आणि पुढचं लिहायची. नाना उठून तिच्यामागे येऊन उभे राहिले. "एवढ्यांचं काम करत हुतं व्हय," एवढंच म्हणाले.

आधी शिंद्यांचं रिन्यू केलं. मग ते त्यांच्या खात्यात ढकलायचं. म्हणजे एका लॉकरमधून काढून दुसऱ्यात ठेवायचं. त्यासाठी त्यांचं खातं हवं आणि खात्याला ई-मेल हवा. त्यांचा ई-मेल होता त्याच वेबसाइटच्या नावावरचा, जो बंद पडला होता. किल्ली घरात ठेवून दाराला कुलूप लावल्यासारखं. पुष्कळ जण हे करतात. तिथंच बसून त्यांना नवा ई-मेल काढून दिला. पासवर्ड टाकताना ते मोठ्यानं एकेक अक्षर म्हणायला लागले.

"सुभेदार, मनात म्हणा."

"आवं, तुमीच हाय की फकस्त."

"मलाही सांगायचा नाही."

दुपारी दीडच्या सुमाराला मोबाईलवर त्यांची वेबसाइट परत दिसली. हिरवी रोपं, ट्रे, खाली फोन नंबर. शिंदे बराच वेळ बघत राहिले. वैशालीनं आम्हाला जेवायला थांबवलं. माझ्यासाठी थांबवलं नव्हतं, पण ताट मलाही वाढलं.

परत येताना शिंद्यांनी विचारलं, "म्याडम, तुमच्याकडं किती हायत अशी? तुमच्या नावावर?"

"सगळीच," मी म्हटलं.



पुढचं काम महिनाभर चाललं. वैशाली शाळा सुटल्यावर वहीतल्या एकेकाला फोन करायची आणि मी खाती उघडून द्यायचे. कंपनीला मृत्यूचा दाखलाही रीतसर पाठवला. त्रेचाळीसपैकी अडतीस मालकांकडे गेली. चौघांनी नको म्हटलं, धंदाच बंद केला होता. मिरजेच्या एका दातांच्या डॉक्टरांचं मात्र हातचं गेलं. त्यांची मुदत एप्रिलमध्येच संपली होती, खातं उघडलं तेव्हा दंडाचे शेवटचे दोन दिवस उरले होते, दंड मोठा म्हणून त्यांना विचारल्याशिवाय भरता येईना, आणि ते परदेशात मुलीकडे. फोन लागला तोवर उशीर झाला. आज त्यांच्या नावावर रमीची जाहिरात आहे. त्यांनी दवाखान्याची पाटी, कार्डं, सगळं नवं छापून घेतलं.

मी वैशालीला म्हटलं, तुझा हात चांगला आहे, माझ्याकडे काम कर. ती म्हणाली, "मला शाळा बरी आहे." तो विषय तिथंच संपला.

माझ्या खात्यातली नावं ज्याच्या त्याला द्यायला मला दिवाळी उजाडली. कुणी मला ते करायला लावलं नव्हतं. गिऱ्हाइकांना आधी संशय आला, मी धंदा गुंडाळतेय की काय. एकानं विचारलं, तब्येत बरी आहे ना? सहा जण किल्ली हातात आल्याबरोबर दुसरीकडे गेले. त्यातले दोघे तर बरीच वर्षं जायच्याच विचारात होते, असं कळलं. बाकीचे राहिले. आता ते राहिलेत हे मला नक्की माहीत आहे. आधी ते अडकलेले होते की राहिलेले, हे मला सांगता आलं नसतं.

तुमची वेबसाइट असेल तर करून देणाऱ्याला एकदा विचारा, डोमेन कुणाच्या नावावर आहे. त्यानं खातं उघडून दाखवलं तर ठीक. 'काळजी करू नका, मी आहे ना' म्हणाला, तर काळजी करा.